पक्षी देईल तेवढं अंतर

पक्ष्यांचे फोटो काढायला नव्यानं सुरुवात करणाऱ्याला नागपूरचा हिवाळा भरभरून देतो, पण लांबूनच. नोव्हेंबर सरता सरता तलावांवर बदकं उतरलेली असतात, आभाळ धुतल्यासारखं असतं, ऊन दिवसभर तिरपं राहतं. डोळ्यांना हे सगळं दिसतं. कॅमेऱ्यातून मात्र पाण्याच्या मधोमध काही ठिपके दिसतात. घरी येऊन ते संगणकावर मोठे करून बघावेत तर तपकिरी रंगाचा चुरा हाती लागतो. बहुतेक जण इथंच ठरवून टाकतात की आपली लेन्स लहान पडतेय, मोठी घ्यायला हवी.

लेन्स लहान पडते हे खरंच आहे. माझ्याकडे ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम आहे. एकदा कागदावर हिशेब मांडला. चक्रांग हे आपल्याकडे येणाऱ्या लहान बदकांपैकी एक, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३६ सेंटिमीटर. ते ५० मीटरवर असेल तर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, त्याची प्रतिमा जेमतेम २ मिलिमीटर लांब पडते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे फोटोच्या रुंदीचा अकरावा हिस्सा झाला. लाखाच्या घरात पैसे घालून ६०० ची लेन्स आणली तर २ चे ४ होतात. तेच चक्रांग १० मीटरवर आलं तर आहे त्याच लेन्समधून जवळजवळ ११ मिलिमीटरचं दिसतं, निम्मी फ्रेम भरते. हा हिशेब डोक्यात बसला तेव्हापासून मी लेन्सच्या जाहिराती बघणं सोडलं. सगळा प्रश्न अंतराचा आहे आणि अंतर किती ठेवायचं हे पक्षी ठरवतो. आपण पुढे सरकून ते कमी करायला जावं तर तो मागे सरकून पुन्हा तेवढंच करतो. एकदा उडाला की तेही गेलं.

बदकं तलावाच्या मधोमध का बसतात हे नीट समजून घेतल्यावर माझी चिडचिड थांबली. तलवार बदकं, थापटे, चक्रांग ही मंडळी उत्तर आशियातून इथं येतात. चक्रवाकाची जोडी लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून येते. पट्टकदंब, म्हणजे पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले राजहंस, हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या उड्डाणाची उंची मोजली आहे आणि ती ७ हजार मीटरच्या वर गेलेली आहे. तिथल्या विरळ हवेतला प्राणवायू पकडून ठेवेल असं रक्त त्यांना लाभलंय, तरी एवढ्या प्रवासात अंगावरची चरबी खर्ची पडतेच. इथं ते ती भरून काढायला येतात. त्यातही बरीच बदकं रात्री चरतात, दिवसा मोकळ्या पाण्यावर झोप काढतात. आपण सकाळी कॅमेरा घेऊन काठावर पोचतो ती त्यांची निजायची वेळ असते. मान पाठीवर वळवून चोच पिसांत खुपसलेलं बदक तरंगत असतं, मधूनच एक डोळा उघडून बघतं. त्याला मधलं पाणी लागतं, कारण काठावर कुत्री असतात, माणसं असतात, बेशरमाच्या झुडपाआड कोण असेल सांगता येत नाही.

म्हणून मी आधी त्यांची अस्वस्थता वाचायला शिकले. मला वाटतं नव्या माणसानं शटर स्पीडच्याही आधी हे शिकावं. बदकांचा थवा निवांत असतो तेव्हा प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. कुणी पंख खाजवतंय, कुणी शेपटी वर करून बुडी मारतंय, कुणी झोपलंय. आपण जरा जास्त जवळ गेलो की पहिल्यांदा एकाची मान ताठ होते. तलवार बदकाच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. त्याची मान मुळातच लांब, नराच्या मानेच्या बाजूनं वर चढत गेलेली पांढरी रेघ असते आणि मान ताठली की ती रेघ काठीसारखी उभी राहते. मग दुसरी मान, तिसरी मान. चरणं थांबतं. मग हळूहळू सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होतात आणि अख्खा थवा आपल्याकडे पाठ करून सरकायला लागतो, घाई न करता. अजून कुणी उडालेलं नसतं, त्यामुळे आपण काहीच बिघडवलं नाही असं वाटतं. पण त्यांची झोप तोवर मोडलेली असते. पहिली मान वर झाली की जिथं असेन तिथं थांबते, चार पावलं मागेही जाते. बऱ्याचदा पाचेक मिनिटांत माना पुन्हा खाली जातात. त्यानंतर मिळतो तो फोटो बघण्यासारखा असतो. ताठ मानेच्या बदकाचे फोटो मी आता ठेवतच नाही, ते कितीही स्पष्ट आले तरी. त्यांत मला घाबरलेला जीव दिसतो.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या. चितमपल्ली बरीच वर्षं नागपूरकर होते, त्यामुळे हा आठवडा आमच्याकडे जरा आपलेपणानं होतो. याच आठवड्यात अनेक जण पहिल्यांदा कॅमेरा घेऊन तलावावर येतात आणि मोठी बदकं अजून फारशी आलेली नसल्यानं हिरमुसून परततात. त्यांना मी सांगते, धोबी बघा.

पांढरा धोबी ऑक्टोबरातच आलेला असतो. फुटाळा तलावाच्या काठावर, अंबाझरी तलावाच्या बांधावर, शाळेच्या मैदानात, कुठंही दिसतो. तुरुतुरु पळणारा, सतत शेपटी खालीवर करणारा, मुठीएवढा पक्षी. त्याची लांबी १८ सेंटिमीटर आणि त्यातली निम्मी शेपटी. एवढासा असल्यामुळे त्याचा फोटो अवघड वाटतो, पण माणसाला फारसं न घाबरणारा पाहुणा म्हणून याच्यासारखा शिक्षक नाही. काठाच्या ओल्या मातीवर मी मांडी घालून बसते, कॅमेरा गुडघ्यावर टेकवते आणि त्याच्याकडे जात नाही. तो पाण्याच्या कडेनं चिलटं टिपत येतो. त्याची एक रीत आहे. दहा-बारा पावलं पळतो, थांबतो, शेपटी दोन-तीनदा हलवतो, पुन्हा पळतो. त्या थांबण्यातच फोटो असतो. पळताना बटण दाबत राहिलं तर नुसती मेमरी भरते. थांबला की एकच क्षण त्याची मान स्थिर असते. जवळ आला की त्याच्या छातीवरचा काळा गळपट्टा दिसतो, हिवाळ्यात तो नुसत्या चंद्रकोरीएवढा उरलेला असतो. पायांवर सुकलेला चिखल दिसतो. आणि मग तो इतका जवळ येतो की लेन्स फोकसच करू शकत नाही. माझ्या लेन्सला किमान दीड मीटर अंतर लागतं. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवायचा आणि नुसतं बघायचं. माझ्या बुटाच्या टोकाशी त्यानं एक किडा उचलला होता. त्याचा फोटो नाही, पण चोचीचा तो बारीक टिक असा आवाज मला नीट ऐकू आला होता.

घरच्या घरी शिकायचं असेल तर थिरथिरा आहे. हा हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो, हिवाळाभर आपली एक जागा धरून राहतो. आमच्या कॉलनीत एका अर्धवट बांधकामावर मादी येते. राखट तपकिरी अंग, शेपटी मात्र विटकरी, आणि ती शेपटी सारखी थरथरत असते. ती विटांच्या ढिगावर बसते, खाली झेप घेऊन मुंगी उचलते, परत त्याच विटेवर. तिची ती सवय कळली की फोकस विटेवर लावून ठेवायचा आणि वाट बघायची. शटर १/५०० सेकंदावर ठेवलं तर पक्षी स्पष्ट येतो आणि शेपटी किंचित पुसट, जशी ती डोळ्यांना दिसते तशीच. मला तसाच फोटो आवडतो. सगळं काही गोठवून टाकायची गरज नसते.

अंतराबद्दलचं सगळ्यात मोलाचं शिक्षण मला एका ढीवरकाकांकडून मिळालं. नागपूरजवळ कुही-उमरेडच्या बाजूला जुने मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या मालकीचे, तलाव आहेत, आमच्याकडे त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यातल्या एका तलावावर मी जाते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हंस उतरलेल्या तलावाचं नाव एकदा फिरायला लागलं की रविवारी बांधावर गाड्यांची रांग लागते. तलाव उथळ आहे, एका अंगाला शिंगाड्याचे वेल पसरलेले, त्यांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतात. काका पहाटेच डोंगा घेऊन पाण्यात असतात. माझ्या लक्षात आलं ते असं, की मी बांधावर नुसती उभी राहिले तरी लालसरी (लाल डोक्याची बदकं) दूर सरकायच्या आणि काकांचा डोंगा त्यांच्या कितीतरी जवळून गेला तरी त्या जागच्या हलत नव्हत्या. डोंगा काठाला लागल्यावर मी त्यांना हे विचारलं.

काका जाळं झटकत म्हणाले, "ताई, तुमी त्यायच्याकडे पाह्यता ना. आमी जाळ्याकडे पाह्यतो."

मग त्यांनी बांधाच्या कोपऱ्यातली एक जागा दाखवली. पाठीमागे जुनं आंब्याचं झाड, समोर पाण्यात उतरलेली मुरमाची जीभ. "अथी बसा चूपचाप. ऊन आलं का थे सोताच येते. त्यायच्या मांगं कायले जाचं?"

मी बसले. झाडाची सावली अंगावर, मागे खोड असल्यानं माणसाची आकृती आभाळावर उठून दिसत नव्हती. कॅमेऱ्याकडे न बघता मी समोरच्या शिंगाड्यांकडे बघत राहिले. नऊच्या सुमारास ऊन त्या मुरमावर आलं आणि खरोखरच चक्रांगांची एक टोळी, सहा-सात असतील, पोहत पोहत त्या उन्हात येऊन बसली. नराच्या डोक्यावर गडद तांबूस रंग आणि डोळ्यामागे हिरवा पट्टा असतो. ऊन तिरपं पडलं की तो हिरवा एकदम पेटतो, सावलीत तो काळाच दिसतो. मी फार हळू कॅमेरा उचलला. शटरचा पहिला आवाज झाला तेव्हा एका मादीनं मान वर केली. मी थांबले. तिनं मान खाली घातली, मग दुसरा फोटो. त्या सकाळचे फोटो मोजके आहेत, पण त्यांत बदकं झोपलेली आहेत. एकानं पंख आणि पाय एकाच बाजूला ताणून आळस दिला तो फोटो माझ्या आईनं मागून घेतला आणि स्वयंपाकघरात लावला.

काकांना ते अंतर वर्षानुवर्षं रोज तिथं असण्यानं मिळालंय. मला कधीतरी जाऊन ते पूर्ण मिळणार नाही. पण एकाच तलावावर, एकाच जागी, शक्यतो एकाच रंगाच्या कपड्यांत पुन्हा पुन्हा जाऊन बसल्यावर फरक पडतो हे मी बघितलंय. नव्यांना माझा आग्रह असतो तो याचाच. दर रविवारी नवा तलाव गाठू नका. अंबाझरी असो, गोरेवाडा असो, तुमच्या घराजवळचं एखादं डबकं असो, एकच धरा. कुठला खंड्या कुठल्या वाळक्या फांदीवर बसतो, पाणकावळे पंख वाळवायला कुठं येतात, हे कळायला एक हिवाळा जातो. तो जाऊ द्यावा.

उजेडाचं थोडं सांगते. हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळी तलावाच्या दक्षिण-पूर्व अंगाला बसलं की ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्याचा डोळा चमकतो. त्या चमकेशिवाय पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो. मे महिन्यात सूर्य नागपूरच्या अगदी माथ्यावर येतो, पण डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो ४५ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे उजेड लवकर कडक होत नाही. तरीही साडेदहानंतर मी कॅमेरा बंद करते. याचं कारण हवा. रात्रीच्या थंडीनं गारठलेली काळी माती ऊन लागलं की झपाट्यानं तापते आणि जमिनीलगतची हवा लाटांसारखी हलायला लागते. दूरचा पक्षी डोळ्यांना ठीक दिसतो, फोटोत मात्र त्याची कड विरघळलेली असते. अनेकांना वाटतं फोकस चुकला. फोकस बरोबर असतो, मधली हवाच तरंगत असते. पहाटेच्या वाफेचंही तसंच. पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यातून धुकं उठतं, ते सुंदर दिसतं, पण त्याच्या पलीकडचं पीस न पीस टिपायला जाऊ नये. तेव्हा धुक्याचाच फोटो काढावा. इथंही उपाय एकच, पक्षी जवळ असणं. मधली हवा कमी तर बिघाड कमी.

आणि बगळा. त्याचा पांढरा रंग उन्हात जळून सपाट होतो, म्हणून एक्स्पोजर -०.७ किंवा -१ वर घ्यावं. फोटो जरा काळसर वाटला तरी पिसांच्या रेघा शाबूत राहतात. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या चोचीच्या वारकरी पक्ष्यालाही हेच लागू. काळं नंतर उजळता येतं, जळलेलं पांढरं परत येत नाही.

काही गोष्टींबद्दल मला बोलताना आवाज चढवावा लागतो. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला समोर आणणं ही त्यातली पहिली. तो येतो ते आपल्या हद्दीत कुणी घुसलंय असं समजून भांडायला येतो. चरायचं सोडून, उघड्यावर, जिथं शिक्रा त्याला टिपू शकेल अशा जागी. असं अंतर फसवून घेतलेलं असतं. दुसरी, घुबडाच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांभोवती गर्दी करणं. बाकीचे बरेच पक्षी पावसाळ्याच्या आसपास वीण करतात, पण गरुड आणि घुबडं यांची अंडी-पिल्लं हिवाळ्यातच असतात. आई उडाली की थंडीत अंडं उघडं पडतं. तिथं कॅमेरा पिशवीतून काढूच नये.

आणि संक्रांत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरचं आभाळ पतंगांनी भरतं. पतंग मलाही आवडतात. पण नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो आजही झाडांना लटकलेला दिसतो. सुती दोरा सडतो, हा सडत नाही. संक्रांत संपून महिना झाला तरी संध्याकाळी रातथाऱ्याला परतणारा बगळा, घार, वटवाघूळ त्यात अडकतं. फोटो काढायला जाताना मी पिशवीत आता कात्री आणि एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवते. हाताला लागेल तेवढा मांजा गुंडाळून आणते. जखमी पक्षी दिसला तर त्याला पाणी पाजायचा प्रयत्न न करता खोक्यात, अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सच्या वन विभागाच्या उपचार केंद्रात पोचवायचं, एवढं तरी प्रत्येकाला करता येतं. पक्ष्यानं आपल्याला जवळ येऊ दिलं आणि आपण त्याच्यासाठी काहीच केलं नाही, हे मला पटत नाही.

गेल्या रविवारी काकांनी सांगितलं की गव्हाला पाणी सोडायला सुरुवात झाली आहे, आता तलाव उतरत जाईल. उत्तरेकडचा काठ उघडा पडला की चिखलात तुतवार आणि शेकाटे येतील, ते बदकांपेक्षा धीट असतात, त्यांचे फोटो बसल्या जागी मिळतील. हंस सध्या पहाटे लाखोळीच्या शेतात चरतात आणि ऊन चढलं की पाण्यावर परततात. मार्चपर्यंत राहतील असं काकांना वाटतं. तोवर बांधावरचा पळस फुलेल आणि त्यावर भोरड्यांचे थवे उतरतील. त्यांचा गुलाबी रंग भगव्या फुलांत टिपायचा तर सकाळचं ऊन बांधाच्या कुठल्या बाजूला येतं ते आत्ताच बघून ठेवायला हवं, म्हणून येत्या रविवारी कॅमेरा घरीच ठेवून नुसती वही-पेन घेऊन जाणार आहे.